लॅटिन मिस्सा, कोकणी जपमाळ: न कळणाऱ्या भाषेत उपासना का होत असे?

प्रश्न | भुसावळकर

माझे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले. आमच्या शेजारी मूळचे गोव्याचे एक कॅथलिक कुटुंब राहत असे. त्या घरातील आजी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्या सांगतात की त्यांच्या तरुणपणी चर्चमधील मिस्सा, म्हणजे मुख्य सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये होत असे, घरी जपमाळ कोकणीत, रेल्वेच्या कचेरीतील व्यवहार इंग्रजीत आणि बाजारातील बोलणे अहिराणी-मराठीत. मी स्वतः हिंदू आहे, त्यामुळे विचारण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे. ज्या भाषेतील एक वाक्यही स्वतःहून रचता येत नाही, त्या भाषेत माणसे शतकानुशतके उपासना करत होती, ती का? लोकांना अर्थ कळू नये, असाच त्यामागे हेतू होता काय? आणि आज लॅटिनचे स्थान नेमके काय आहे?

उत्तर १ | गिरणाकाठ

आपल्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते आधी तपासावे असे मला वाटते. रोममधील ख्रिस्ती समाजाची उपासनेची पहिली भाषा लॅटिन नव्हती, ग्रीक होती. सामान्य रोमन माणसाला ग्रीक परकी वाटू लागली, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या शतकांत हळूहळू लॅटिन आली. म्हणजे ती आली तीच मुळी लोकांना कळावे म्हणून. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी बायबलच्या लॅटिन भाषांतराचे काम हाती घेतले. पुढे त्या बायबलला ‘वुल्गाता’, म्हणजे सर्वांच्या वापरातले, असे नाव मिळाले. तरीही जुन्या भाषा पूर्णपणे गेल्या नाहीत. ‘किरिये एलेइसोन’ (प्रभू, दया कर) ही ग्रीक विनवणी लॅटिन मिस्सेत तशीच राहिली आणि ‘आमेन’, ‘आलेलुया’, ‘होसान्ना’ हे शब्द हिब्रू परंपरेतून आलेले आहेत. आपल्या शेजारच्या आजी ज्या मिस्सेला जात, ती अशी तीन भाषांची होती.

पुढे बोलीभाषा बदलत गेल्या आणि लॅटिन जागच्या जागी राहिली, तेव्हा अंतर वाढले. हे अंतर चर्चच्या लक्षात आले नाही असे मात्र म्हणता येणार नाही, कारण ८१३ साली फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रवचने लोकांच्या रोमान्स किंवा जर्मन बोलीत समजतील अशी द्यावीत, असे ठरवले होते. विधी लॅटिनमध्ये आणि उपदेश लोकभाषेत, अशी ती विभागणी होती.

आपल्याला हे अनोळखी वाटू नये. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख पाहावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाचा तो लेख आहे. त्यातील वंशवर्णन आणि स्तुती संस्कृतात आहे. परंतु मठाला कोणाकडून काय द्यायचे, हा देण्याघेण्याचा तपशील शेवटी मराठीत येतो. ज्याला ते देणे द्यायचे होते, त्याला ते समजणे आवश्यक होते.

उत्तर २ | सातपुडा-पायथा

मी जन्माने कॅथलिक आहे आणि धर्मगुरू घडवणाऱ्या गुरुविद्यालयात काही वर्षे शिकलो आहे. हेतूविषयीचा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला केवळ ‘नाही’ असे उत्तर देणे मला प्रामाणिक वाटत नाही. प्रोटेस्टंट सुधारकांनी लोकभाषेतील उपासनेचा आग्रह धरला, तेव्हा कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६२ मध्ये सर्वत्र लोकभाषेत मिस्सा होणे इष्ट नाही, अशी भूमिका घेतली. त्याच निर्णयात धर्मगुरूंनी मिस्सेतील अर्थ लोकांना वारंवार, विशेषतः रविवारी आणि सणांच्या दिवशी, समजावून सांगावा, अशी आज्ञाही होती. ज्या गावांत ती पाळली गेली नाही, तेथे लोक खरोखरच अंधारात राहिले, आणि त्याची खंत आम्ही बाळगली पाहिजे.

दुसरा गैरसमज आमच्याच लोकांत आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनवर बंदी घातली, असे सर्रास सांगितले जाते. परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात, लॅटिन विधींमध्ये लॅटिनचा वापर जपावा, लोकभाषांना अधिक वाव द्यावा आणि श्रद्धावंतांना त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत, असे तिन्ही म्हटले आहे. प्रत्यक्षात लोकभाषांनी फार वेगाने जागा घेतली. मूळ मिस्साग्रंथ मात्र आजही लॅटिन आहे आणि जगभरची भाषांतरे त्यावरून होतात. धर्मगुरू ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणतात, तेव्हा लोकांचे लॅटिन उत्तर ‘एत कुम स्पिरितू तुओ’ असे असते, म्हणजे ‘आणि तुझ्या आत्म्याबरोबर’. इंग्रजी भाषांतरातून हा आत्मा जवळजवळ चाळीस वर्षे गळला होता. तो २०११ च्या सुधारित भाषांतरात परत आला. मूळ पाठ स्थिर नसता, तर काय गळले ते शोधायचे कशावरून? २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जे निर्बंध घातले, ते परिषदेपूर्वीच्या जुन्या विधीवर होते. नवा विधी लॅटिनमध्ये साजरा करायला आजही पूर्ण मुभा आहे.

आता माझ्या मनाला जे खरोखर लागले आहे, ते लिहितो. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी मिस्सा मराठीत होते आणि आम्ही म्हणतो की ती लोकभाषेत होते. परंतु ज्या म्हातारीच्या घरी सारे बोलणे पावरी या आदिवासी बोलीत चालते, तिच्यासाठी मराठी ही शाळेची आणि तहसील कचेरीची भाषा आहे. लॅटिन गेल्याने तिचे अंतर कमी झाले, संपले नाही. अशा घरांत अर्थ पोहोचवण्याचे काम आजही प्रार्थना पाठ असलेली एखादी मुलगीच करते, आणि तिला कोणी भाषांतरकार म्हणत नाही.

उत्तर ३ | तापीतीर

वरील उत्तरांत थोडी भर घालतो. कॅथलिक म्हणजे लॅटिन, हे समीकरणच अपुरे आहे. केरळमधील सिरो-मलबार ख्रिस्तसभा पोपच्या अधीन असूनही तिची उपासना सिरियाक या पश्चिम आशियातील प्राचीन भाषेत होत असे, आणि १९६२ पासून ती मल्याळममध्ये होऊ लागली. नवव्या शतकात संत सिरिल आणि मेथोदियस यांच्या स्लाव्ह भाषेतील उपासनेला पोपची मान्यता मिळाली होती. आपल्याकडे तर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठी ओव्यांत छापले गेले, तेही रोमन लिपीत. म्हणजे वेदीवर लॅटिन चालू असतानाच बाहेर मराठी ओवी गायली जात होती.

आजच्या व्यवहाराविषयी: बिशपांच्या २०१४ च्या धर्मसभेत पोप फ्रान्सिस यांनी कामकाजासाठी लॅटिनऐवजी इटालियन स्वीकारली. पण त्याआधी, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, पोप बेनेडिक्ट यांनी आपला पदत्याग लॅटिनमध्ये जाहीर केला होता, आणि लॅटिन समजणाऱ्या एका इटालियन महिला पत्रकारामुळे ती बातमी जगाला प्रथम कळली.

भुसावळकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी आजींकडे जाऊन विचारले. त्यांनी प्रार्थनेतील लॅटिन प्रतिसाद ‘ओरा प्रो नोबिस’ सुरात म्हणून दाखवला. अर्थ विचारल्यावर क्षणभरही न थांबता म्हणाल्या, “आमच्यासाठी विनंती कर.” हे कोणी शिकवले, असे विचारले, तेव्हा त्यांनी कोणा धर्मगुरूचे नाव घेतले नाही. म्हणाल्या, “आईने. रात्री जपमाळेच्या वेळी.”