अलीकडचे हिंदी रोमकॉम : कुणाबरोबर पाहिला, कुठे हसलात, कुठे घड्याळ पाहिलंत?

आईची पर्स आवरताना सिनेमाचं एक तिकीट सापडलं. शाई पार उडालेली, नाव वाचता येईना. आई म्हणाली, ‘रॉकी-रानीचं असेल, तूच नेलं होतंस.’ ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’, जुलै २०२३ म्हणजे.

परीक्षणं सगळेच लिहितात. पण सिनेमा कुणाबरोबर पाहिला, शेजारच्या खुर्चीत काय चाललं होतं, घरी येताना रिक्षात कशावरून वाजलं, हे कुणी लिहीत नाही. इथे तेच लिहूया. गेल्या दोन-तीन वर्षांतले हिंदी प्रेमविनोदी सिनेमे, थेटरात पाहिलेले असोत की मोबाइलवर. शेवट फोडलात तरी चालेल, रोमकॉमचा शेवट पोस्टरवरच कळतो.

माझ्यापासून सुरुवात. आई बहात्तर वर्षांची, करण जोहर म्हणजे नुसते कपडे आणि झुंबरं असं तिचं ठाम मत. मध्यंतरापर्यंत ती चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. (हो, थेटरात चिवडा नेता येत नाही, माहीत आहे.) मग रानीचे वडील कथक करतात म्हणून लोक त्यांना हसतात, तो भाग आला आणि तिचा हात थांबला. माझे मामा लहानपणी गणपतीतल्या नाटकात बाईचं काम करायचे, त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवलं गेलं. नंतर रणवीर सिंग आणि तोता रॉय चौधरी ‘डोला रे’वर एकत्र नाचले तेव्हा आख्खं थेटर टाळ्या वाजवत होतं. आई नव्हती वाजवत. ती डोळ्यांचे थेंब शोधत होती, जे ती दिवसा कधीच घालत नाही.

* * *

आम्हीही तोच, तिघी जणी : सासूबाई, मी आणि लेक. रॉकी रानीच्या आईबरोबर अंतर्वस्त्रांच्या दुकानात जातो आणि लाजेने अर्धा होतो, तिथे लेक खिदळत होती आणि मी समोर बघत बसले होते. सासूबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘आम्ही टॉवेलखाली वाळत घालायचो.’ पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळून हसल्या. घरी आल्यावर पाहते तर गच्चीत दोरीवर नेहमीप्रमाणे सगळं टॉवेलखालीच. माझंसुद्धा. लेक मात्र आता राजरोस वाळत घालते आणि सासूबाई काही म्हणत नाहीत. आधीही नसत्या म्हणाल्या कदाचित, आम्ही विचारलंच नव्हतं.

आणि क्षिती जोग! आपल्या बाईने त्या रंधावांच्या घरात दबलेली सून काय केली आहे. बोलू की नको, हे चेहऱ्यावर येऊन परत आत जातं. माझ्या जावेचा चेहरा आठवला.

* * *

‘जरा हटके जरा बचके’ला कुणी फार नाव दिलं नाही, पण आमच्या घरात तो तीनदा पाहिला गेलाय. लक्ष्मण उतेकरांचा. इंदूरचे नवराबायको, घर लहान, त्यांची खोली मामा-मामींनी व्यापलेली, म्हणून स्वतःचं घर मिळवायला सरकारी योजनेत बसण्यासाठी खोटा घटस्फोट घेतात. लोक म्हणाले, असं कुठे असतं का. घटस्फोट नसेल, बाकी सगळं असतं.

आमचं लग्न झालं तेव्हा डोंबिवलीला वन रूम किचन, आईवडील, धाकटा भाऊ आणि आम्ही. स्वयंपाकघरात गादी पडायची. गोदरेजचं कपाट उघडलं की असा कर्रर्र आवाज यायचा की बाबा बाहेरून ‘काय रे?’ विचारायचे. त्यात मी खोबरेल तेल घातलं, तर दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘कपाट बरं झालं हं.’ बस. त्या तीन शब्दांनंतर बायको दोन दिवस आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. आम्ही भाजी आणायला म्हणून दोन तास बाहेर असायचो आणि मेथीची एक जुडी घेऊन परत यायचो. आज घर आहे, दोन खोल्या आहेत, दोघांच्या हातात दोन फोन आहेत. बायको म्हणते, भाजीला जाऊया का. मी म्हणतो, ॲपवरून मागव ना.

हे आत्ता लिहिताना जाणवलं, आधी नव्हतं.

* * *

मला ‘तू झूठी मैं मक्कार’बद्दल तक्रार करायची आहे. २०२३च्या होळीला आला होता. रणबीर लोकांची ब्रेकअप करून द्यायचा धंदा करतो, ही कल्पना झकास. पण श्रद्धाला लग्न का मोडायचं असतं? तर मुलगा आवडतो, घरचेही प्रेमळ आहेत, फक्त तिला त्या गोतावळ्यात राहायचं नाही. इतकं साधं, इतकं खरं कारण हिंदी सिनेमात मी पहिल्यांदा ऐकलं. मी खुर्चीत सरसावून बसले. पुढे काय? सगळं कुटुंब विमानतळावर धावतं, धमाल गोंधळ घालतं, आणि गोतावळाच कसा गोड असतो ते तिला पटतं. थेटर हसत होतं, मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण तिचा प्रश्न कुणी सोडवला नाही, नुसता गुदगुल्या करून गप्प केला. मी एकत्र कुटुंबात अकरा वर्षं आहे. माणसं चांगलीच आहेत. तरी रविवारी दार लावून एक तास एकटं बसावंसं वाटतं, याला उत्तर विमानतळ नाही.

* * *

वरच्या प्रतिसादाला कडकडीत अनुमोदन.

* * *

अडीच-अडीच तासांचे रोमकॉम कशाला लागतात हेच कळत नाही. पहिला तास विनोद, मग एकदम कोर्ट, दवाखाना किंवा मांडव, आणि सगळे रडतात. यंत्रमानव असलेल्या मुलीच्या प्रेमात पडायचा सिनेमाही शेवटी मांडवातच नेला. हसवायचं कबूल केलंय तर हसवा की शेवटपर्यंत.

* * *

भाऊ, मांडवाची गोष्ट काढली म्हणून ‘भूल चूक माफ’. मी अमरावतीचा, चार वर्षं झाली परीक्षा देऊन राहिलो. २०२५चा मे, ९ तारखेला येणार होता, मधात थेटरात येणारच नाही म्हणाले, अन् शेवटी २३ला लागला. म्हणजे आमच्या जाहिरातीसारखंच, तारीख पुढे. बनारसचा पोरगा, दोन महिन्यात सरकारी नोकरी लागली तर पोरगी, नाही तं नाही. नोकरी लाच देऊन मिळते अन् मग त्याच्या हळदीचा दिवस संपतच नाही, रोज उठला की तीच हळद.

आम्ही सहा जण गेलो, सहाही अभ्यासिकेतले. रोज सकाळी तोच दिवस येते म्हटल्यावर एक जण अंधारात बोलला, ‘आपलंच आहे बे.’ जेवढं हसलो तेवढं आख्ख्या सिनेमात हसलो नाही. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न गेल्या मार्गशीर्षात झालं. नवरा तलाठी आहे. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, मी अंगठा दिला.

* * *

आम्ही होस्टेलवर ‘लवयापा’ पाहिला. मुलीचे वडील अट घालतात की एक दिवस एकमेकांचे फोन बदला, मग लग्नाचं बघू. सिनेमा ठीकठाक, मूळ तमिळ चांगला आहे म्हणतात. पण संपल्यावर रूममेटला जोर आला आणि तिने खरंच बॉयफ्रेंडशी फोन बदलला. चोवीस तासही नाही, फक्त रात्रीच्या जेवणापर्यंत. भानगड काहीच निघाली नाही. फक्त त्याच्याकडे तिचा नंबर ‘मेस डबा २’ नावाने सेव्ह होता. घरच्यांना कळू नये म्हणून, दोन वर्षांपूर्वी. त्याने बदलायला हवा होता, विसरला. ती तीन दिवस जेवली नाही धड. आता आम्ही सगळ्या तिला डबाच म्हणतो, आणि अजून ते दोघं एकत्र आहेत.

* * *

‘सत्यप्रेम की कथा’ आम्ही गरबा बघायला म्हणून गेलो होतो, दिग्दर्शक समीर विद्वांस हेही एक कारण. लग्नानंतर ती जवळ येऊ देत नाही, यावर मागच्या रांगेतली मुलं पहिला अर्धा भाग शेरे मारत होती. कारण कळलं तेव्हा मागून आवाज बंद झाला. पूर्ण बंद. मला पडद्यावरचं फार आठवत नाही, ती शांतता आठवते. याहून जास्त लिहीत नाही.

* * *

मी त्रेचाळीस, अविवाहित, शिक्षक. त्यामुळे ‘आप जैसा कोई’ आला तेव्हा चार जणांनी लिंक पाठवली आणि चौघांनीही खाली डोळा मारला. माधवन जमशेदपूरचा बेचाळिशीचा संस्कृत मास्तर, फातिमा सना शेख कोलकात्याची फ्रेंच शिकवणारी. तो मवाळ, सभ्य, सगळ्यांना आवडेल असा. पण तिचं एक जुनं वागणं कळल्यावर आतून जो पुरुष बाहेर येतो, तो बघून मी लॅपटॉप मिटला. राग सिनेमाचा नव्हता. विवाह मंडळातून आलेल्या एका स्थळाला मीही भेटलो होतो. हॉटेलात कॉफी, दोन तास मस्त गप्पा. ती म्हणाली, आधी एकदा ठरलं होतं, मोडलं. मी ‘अरेरे’ म्हणालो आणि घरी येऊन ‘पत्रिका जुळत नाही’ कळवलं. पत्रिका मी मागवलीच नव्हती.

उरलेला सिनेमा महिन्याभराने पाहिला.

* * *

सतरा वर्षांचा संसार असलेल्यांनी ‘दो और दो प्यार’ बघा. २०२४च्या एप्रिलमध्ये आला आणि कुणाला कळायच्या आत गेला. आमच्या खेळाला नऊ माणसं होती. विद्या बालन दातांची डॉक्टर, प्रतीक गांधी बुचांचा कारखाना चालवतो, दोघांचंही बाहेर प्रकरण. मग तिच्या आजोबांच्या अंत्यविधीला उटीला जातात आणि परत एकमेकांच्या प्रेमात पडून आपापल्या प्रियकर-प्रेयसीला फसवायला लागतात! वाकून वाकून हसलो. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये हे म्हणाले, ‘तुझं नाही ना काही?’ मी म्हटलं, वेळ कुठेय. तेव्हा दोघेही हसलो. पुढे घरापर्यंत गाडीत कुणी रेडिओ लावला नाही.

* * *

धागाकर्त्या ताई, रॉकी-रानीत शबाना आझमी आणि धर्मेंद्र यांचा ‘तो’ प्रसंग आला तेव्हा तुमच्या आईचं काय झालं ते मुद्दाम गाळलंत का? आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर त्यावरून उभी फूट पडली होती.

* * *

मुद्दाम नाही, सुचलं नाही कसं सांगावं. तेव्हा तरी ती काहीच बोलली नाही. ‘अभी न जाओ’ सुरू झाल्यापासून मांडीवर बोटाने ठेका धरला होता, चुंबनाशी तो थांबला आणि परत सुरू झाला, एवढंच मी पाहिलं. रिक्षात विषय महागलेल्या टोमॅटोंचा.

पण २०२५च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र गेले, त्या रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, तो सिनेमा लाव. मी शोधून नेमका तोच प्रसंग लावला. तर म्हणे, ‘इथून नको, जरा मागे घे.’ घेतलं. ‘अजून मागे.’ तो चाकाच्या खुर्चीत बसलेला आहे, काही आठवत नाहीये, तिथवर नेलं तेव्हा म्हणाली, ‘हं, आता असू दे.’

गाणं संपल्यावर मला म्हणाली, ‘दिवा घालव आणि झोप, सकाळी पाणी लवकर जातं.’