सामान्य तापमानाच्या अतिवाहकाची वाट किती पाहायची?

रोहित्र:
अतिवाहक म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ; आजवरचे सगळे खूप थंड केल्यावरच तसे वागतात. २०२३ च्या जुलैत एलके-९९ नावाचा पदार्थ सामान्य तापमानालाच अतिवाहक असल्याची बातमी आली, तेव्हा मीही रात्री जागून प्रयोगांचे व्हिडिओ पाहिले. काही आठवड्यांत उलगडा झाला. तो अतिवाहक नव्हताच; त्याच्या रोधात दिसलेली अचानक घसरण कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे होती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: पैसा आणि माणसं हाताशी असलेल्या पदार्थांकडे वळवा. ७७ केल्विनच्या (उणे १९६ अंश सेल्सियस) द्रव नायट्रोजनमध्ये चालणारे सिरॅमिक अतिवाहक १९८७ पासून आपल्याकडे आहेत. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ मध्ये अशी सुमारे एक किलोमीटर केबल जोडली गेली: १० किलोव्होल्ट, ४० मेगावॉट. एरवी एवढ्या विजेसाठी ११० किलोव्होल्टची केबल शहराच्या पोटात न्यावी लागते. मग थांबायचं कशासाठी?

लाइनवाला:
हिशेब जुळत नाही म्हणून. रोध शून्य असतो तो डीसीला. एसीमध्ये अतिवाहकातही थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि ती ७७ केल्विनवरून बाहेर काढायला आदर्श यंत्रालाही वॉटमागे जवळपास तीन वॉट लागतात. खऱ्या यंत्राला दहाच्या वर. शिवाय रात्री लोड उतरला की साध्या तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने घटतो. तुमच्या केबलमध्ये मात्र बाहेरची उष्णता झिरपतच राहते, शीतकरण बंद करता येत नाही.

रोहित्र:
तोट्याचं मान्य. पण ही केबल मी तोटा वाचवायला मागतच नाहीये, जागा वाचवायला मागतोय. जिथे नवीन खंदक खणायला आणि उपकेंद्र उभारायला जागाच उरली नाही, तिथे तुलना तारेशी नाही, त्या जागेशी करा.

स्फटिक:
मी पदार्थविज्ञानात काम करते, म्हणून मूळ मुद्द्यालाच विरोध. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांनी ऑक्साइडमध्ये, म्हणजे सिरॅमिकमध्ये, अतिवाहकता शोधली, तेव्हा बहुतेकांचं लक्ष नायोबियमच्या मिश्रधातूंवर होतं. ‘आहे तेच सुधारा’ हा सल्ला त्यांनी ऐकला असता तर नायट्रोजनवर चालणारा अतिवाहक कुठून आला असता? आणि हाताशी असलेलं वापरणंही सोपं नाही. हे पदार्थ ठिसूळ. शेजारच्या दोन स्फटिककणांची दिशा काही अंशांनी जरी चुकली, तरी त्यांच्या सीमेवर वाहू शकणारा प्रवाह झपाट्याने घसरतो. म्हणून धातूच्या पट्टीवर एक-दोन मायक्रॉनचा थर, आणि तोही शेकडो मीटर एकाच दिशेत, चढवावा लागतो. ही पट्टी, म्हणजे टेप, महाग आहे ती यामुळे. तिला मोठी मागणी आणली ती वीज कंपन्यांनी नव्हे, संलयनाच्या (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) यंत्रांतल्या चुंबकांनी. २०२१ मध्ये अशाच टेपच्या चुंबकाने २० टेस्ला गाठले.

रोहित्र:
१९८६ चं उदाहरण बिनतोड आहे. शोध थांबवा असं म्हणणं माझं चुकलंच. पण टेप स्वस्त करायलाही तितकीच हुशार माणसं लागतात, ती मिळत नाहीत, हे दुखणं कायम आहे.

लाइनवाला:
मला काळजी दुरुस्तीची. तार तुटली की काही तासांत जोडतो. अतिवाहक केबल थंड राहावी म्हणून निर्वात आवरणात असते; ती आधी उबदार करा, उघडा, जोडा, पुन्हा सावकाश थंड करा. तोवर तो सगळा लोड कुणी घ्यायचा?
एका गोष्टीला मात्र माझा विरोध नाही, ती म्हणजे अतिवाहक फॉल्ट करंट लिमिटर. शॉर्ट सर्किट झालं की प्रवाह मर्यादेबाहेर जातो, अतिवाहकता काही मिलिसेकंदांत मोडते आणि रोध आपोआप उभा राहतो. ब्रेकर हलायच्या आधी. एसेनला केबलसोबत तोही होता. बाजूला बायपास ठेवणार असाल, तर तो मी उपकेंद्रात आजही बसवून घेईन. केबल नको.