चर्चा: ‘लाइन’ हा शब्द कामाच्या ठिकाणी चालवावा का?

कातळसडा (धागा सुरू करताना)
नळाची लाइन, रेशनची लाइन, पावसात गेलेली लाइन, गवंड्याची लाइन, ठिबकची लाइन, कोकण रेल्वेची लाइन. कॉलेजच्या कट्ट्यावर मारतात ती आणखी वेगळी. गप्पांत काय हवं ते बोला. पण जिथे भलता अर्थ घेतला तर जीव जातो किंवा पैसा बुडतो, तिथे हा शब्द बाद करावा, असं माझं मत आहे.

विजेचंच बघा. ‘लाइन गेली’ म्हणजे काय? सगळा पुरवठा बंद झाला, तीनपैकी एक फेज (वीज आणणारी तार) गेला, की तार तुटून खाली पडली? पहिल्यात मेणबत्ती लावून बसायचं. दुसऱ्यात विहिरीवरचा थ्री-फेज पंप आधी बंद करायचा, कारण दोन फेजवर चालत राहिलेली मोटर जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणारा) नीट लावलेला नसेल तर थोड्या वेळात वायंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, जळतं. तिसऱ्यात तारेकडे फिरकायचंच नाही. पावसाळ्यात ओल्या जमिनीतूनही झटका बसतो, दोन पायांत अंतर जास्त तितका धोका मोठा. तीन वेगळ्या गोष्टी करायच्या आणि शब्द मात्र एकच.

ओळंबा
असहमत. मराठीत अर्थ क्रियापद ठरवतं. लाइन लावा म्हटलं की रांग, लाइन टाका म्हटलं की पाइप किंवा केबल, लाइन ओढा म्हटलं की रेघ. गवंडी ‘लाइन धर’ म्हणतो तेव्हा गडी रेशनच्या दुकानात जात नाही, लाइनदोरीचं टोक पकडतो.

आणि या दोरीला ‘लाइन’ म्हणणं तर मुळाला धरून आहे. लॅटिनमध्ये लिनुम म्हणजे जवस. जवसाच्या धाग्यावरून लिनेआ आणि त्यावरून लाइन. लिनन आणि शिंपी आत लावतो ते लाइनिंग याच घरातले शब्द. म्हणजे दोरी हा मूळ अर्थ, रांग आणि रेघ मागाहून आलेले पाहुणे.

ती दोरी कशी वापरतात तेही सांगतो, म्हणजे शब्दामागचं काम कळेल. दोन्ही कोपऱ्यांचे चिरे आधी ओळंब्यात बसवायचे, मग वरच्या कडेला दोरी ताणायची. मधला जांभ्याचा चिरा दोरीला टेकवायचा नाही, एखाद मिलिमीटर फट ठेवायची. एक चिरा दोरीला ढकलतो, पुढचा त्या ढकललेल्या दोरीला लावला जातो, आणि भिंतीला पोट येतं. लांब भिंतीत दोरी मध्ये झोळते, तिथे एक चिरा आधीच पातळीत बसवून टेकू द्यावा लागतो.

पाचवा फेज
ओळंबा, क्रियापदाचा मुद्दा विजेत टिकत नाही. ‘लाइन जास्त आली’ हे ऐकलंय ना? बहुतेक वेळा तो न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, तुटलेला असतो. एका घरात दिवे मंद, शेजारी भगभगीत, कारण 230 व्होल्टच्या जागी काही घरांना 400 च्या आसपास मिळू लागतात. ‘जास्त आली’ ऐकून लोक स्टॅबिलायझरच्या भरवशावर बसतात. खरं तर मेन स्विच पाडायला हवा.

दुसरं, ‘लाइन बंद आहे’. कुठून बंद? ट्रान्सफॉर्मरवरून, खांबावरून की फक्त घरातून? चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर, एकच जोडणारा) न लावता कुणी जनरेटर जोडला असेल तर बंद तारेत उलटी वीज येते आणि ट्रान्सफॉर्मरमधून मागे जाऊन 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) बाजूलाही चढते. म्हणून परमिट (काम करायची लेखी परवानगी) घेणं, टेस्टरने पाहणं आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग करणं (तार जमिनीला जोडणं), तिन्ही झाल्याशिवाय तारेला हात नाही. निसर्ग चक्रीवादळानंतर (3 जून 2020) रायगड आणि उत्तर रत्नागिरीत अनेक गावं दीर्घकाळ अंधारात होती. अशा वेळी घरोघरी जनरेटर चालतात, तेव्हा हा धोका सर्वांत जास्त.

तंगूस
माझ्या नावातच उत्तर आहे. इंग्रजीत गळाच्या दोरीलाही लाइनच म्हणतात. पण इथे खडपावर (किनाऱ्याच्या खडकावर) गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसणारा कुणी ‘लाइन दे’ म्हणत नाही, तंगूस म्हणतो. गळाला गरी म्हणतो. नेमका शब्द असला की पाहुण्याला जागाच उरत नाही. (तंगूसची गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घासून तापते आणि नेमकी तिथेच तुटते.)

शुद्धमती
मग बाकीच्यांनाही शब्द द्या की. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘महापौर’, ‘दिनांक’ आज कुणाला खटकतात? जलवाहिनी, वीजवाहिनी, रांग, ओळ, रेषा हे सगळे तयार शब्द आहेत.

ओळंबा
‘वाहिनी’त पाणी, वीज, रक्त आणि दूरदर्शनच्या मालिका, सगळं वाहतं. एका पाहुण्याला हाकलून दुसऱ्याला त्याच खाटेवर झोपवलंत.

आमराई
बागेत या गोंधळाचे पैसे मोजावे लागतात. सड्याच्या उतारावर ठिबक करताना माळ्याला सांगतात, ‘लाइन उताराला आडवी टाक.’ कोणती? आडव्या टाकायच्या त्या लॅटरल, म्हणजे बारीक नळ्या. त्यांना पाणी देणारी जाड नळी, सबमेन, मात्र उताराने खाली येते. उलटं झालं आणि लॅटरल 10 मीटर खाली उतरली तर तळाशी दाब सुमारे 1 किलोने (दर चौरस सेंटिमीटरला) वाढतो. 1 किलो दाबावर चालणारा साधा ड्रिपर तिथे जवळपास 40 टक्के जास्त पाणी सोडतो. वरची कलमं सुकतात, खालची भिजून बसतात. मग दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर घ्या. वर ‘कलमांची लाइन’ वेगळीच.

खाडीमुख
इंग्रजांनाही नुसता ‘लाइन’ पुरत नाही, हे इथे कुणी बोललं नाही. जहाजावर दोराला काम मिळालं की तो लाइन होतो, पण त्याआधी नाळेची (जहाजाच्या पुढच्या टोकाची), वरामाची (मागच्या टोकाची) असं काहीतरी लावतातच. जयगड बंदरात मोठ्या जहाजाच्या अंगावर वर्तुळातून गेलेली आडवी रेघ दिसते, ती लोड लाइन, म्हणजे माल भरल्यावर जहाज पाण्यात कुठवर बसू द्यायचं त्याची खूण. ब्रिटनने 1876 च्या कायद्याने ती सक्तीची केली. गोड्या पाण्यात जहाज जास्त बसतं, म्हणून तिथली खूण वेगळी आणि वर. रेल्वेत मेन लाइन, लूप लाइन, लाइन क्लिअर. उघडा शब्द कुणीच वापरत नाही. आपण उधार आणताना पुढचं विशेषण तिकडेच ठेवून आलो.

कातळसडा
हे पटलं. माझा राग शब्दावर होता, तो उघड्या शब्दावर हवा होता. मग पंपघरातल्या पाटीवर ‘लाइन बंद आहे’ऐवजी ‘मेन स्विच खाली, काम चालू’ लिहावं.

पाचवा फेज
पाटी कुणी वाचत नाही. किटकॅट फ्यूज (हाताने उपसून काढता येणारे) तिन्ही काढायचे आणि जो मोटरीला हात लावणार त्याच्याच खिशात ठेवायचे.