पुढच्या डाव्या बाजूची खडखड: शॉकअप बदलले, आवाज तसाच. स्टीअरिंग रॅकच्या आधी काय तपासावं?

जुळे_सोलापूरकर:

गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 78,000 किमी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा).

आवाज पुढून, डावीकडून येतो. उखडलेलं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक लागला की 15 ते 30 च्या वेगात सारखी बारीक खडखड. हैदराबाद हायवेला 80 च्या वेगात गाडी एकदम गप्प. स्टीअरिंग पूर्ण फिरवून वळवली तरी टकटक नाही. एसी चालू-बंद करून फरक नाही, उभ्या गाडीत रेस केली तरी काही नाही. गाडी एका बाजूला ओढतही नाही.

झालेलं काम: पुढचे दोन्ही शॉकअप, डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). आता गॅरेजमधून स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बदला असं सांगतात. एवढा खर्च करण्याआधी स्वतः काय काय तपासता येईल?

---

चौदाचा_पाना:

रॅकला अजून हात लावू नका. तुमच्या वर्णनातच अर्धं निदान आहे. वळताना टकटक नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटवर संशय कमी. रेस केल्यावर काही नाही, म्हणजे सायलेन्सरची हीट शील्ड आणि इंजिन माउंटिंग सध्या बाजूला ठेवा. राहतं ते चाकासोबत वर-खाली होणारं सामान आणि त्याच्या आसपास सैल लटकलेलं काहीतरी.

आधी दोन फुकटच्या गोष्टी. एक, चाकाचे नट टॉर्क पान्याने तपासा. बऱ्याच लहान गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. दोन, टायर थंड असताना हवा बघा. पंक्चरवाले न विचारता 40 भरून देतात, आणि तेवढ्या हवेत धड गाडीसुद्धा वाजते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा.

मग डिकी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनीचा मधला बोल्ट, पार्सल ट्रे. मागचा आवाज बंद गाडीत पुढून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे "पुढूनच येतो" यावर लगेच विश्वास ठेवू नका. जॅक परत ठेवताना जुन्या चादरीत गुंडाळा. सोलापुरात जुनी चादर कुठे शोधायची हे सांगायला नको.

आता खरी चाचणी. खराब रस्त्याचा एकच दोनशे मीटरचा तुकडा ठरवा आणि प्रत्येक वेळी तिथेच, त्याच वेगाने, काचा खाली करून चालवा. रस्ता बदलला की तुलना संपली.

स्पीड ब्रेकरवरून एकदम सरळ जा, दोन्ही चाकं एकाच वेळी चढली पाहिजेत. नंतर फक्त डावं चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर घाला. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा) नुसता फिरतो, लिंक रॉडवर (बारचं टोक चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांडीवर) फारसा जोर येत नाही. एकच चाक उचललं की बार पिळला जातो आणि लिंक रॉडमधली ढिलाई लगेच बोलते. सरळ ब्रेकरवरही तेवढाच आवाज आला, तर शॉकअपचं टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग) किंवा लोअर आर्मचा बुश (जोडातलं रबर) बघा.

मागे कोणी नाही ना बघून त्याच तुकड्यावर ब्रेक पेडल अगदी हलकं दाबून जा. आवाज थांबला, तर दोषी कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा ब्रेक पॅड.

रॅकसाठी इंजिन बंद, चाकं जमिनीवर. लॉक पडणार नाही अशी चावी ठेवून स्टीअरिंग दोन बोटं डावी-उजवी झटपट हलवा. दुसऱ्याने बाजूने हात घालून टाय रॉडवर (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) ठेवावा. रॅकचा बुश गेला असेल तर ठोका हाताला जाणवतो, बहुतेकदा स्टीअरिंगमध्येही येतो. काहीच जाणवलं नाही, तर रॅक बदलण्याचं कारण त्यांना विचारा. नुसतं "आवाज त्याचाच आहे" हे कारण नाही.

---

काळी_माती:

वरच्या यादीत एक भर. इंजिनखालची प्लास्टिक शील्ड आणि चाकावरचं लायनर हाताने ओढून बघा. आपल्याकडे पावसात काळी माती त्यावर चढते, उन्हाळ्यात वाळून दगड होते, त्या वजनाने क्लिपा तुटतात. अशी शील्ड कमी वेगात फडफडते. क्लिप मिळेपर्यंत प्लास्टिकचा केबल टाय चालेल, पण सायलेन्सरपासून लांब बांधा.

ब्रेक डिस्कच्या मागच्या पत्र्यात खडी अडकली आहे का तेही बघा. चाक काढलं की दिसतेच.

---

जुळे_सोलापूरकर:

केलं. नट घट्ट होते. हवा 38 होती, स्टिकरप्रमाणे 32 केली, आवाज थोडा बोथट झाला पण आहे. डिकी रिकामी करून फरक नाही. सरळ ब्रेकरवर एक हलका "ठक", एकच चाक खड्ड्यात गेलं की पूर्ण खडखड. ब्रेक दाबून फरक नाही. टाय रॉडवर ठोका नाही. शील्डच्या दोन क्लिपा नव्हत्या, बांधून टाकली, तरी आवाज तसाच.

लिंक रॉड हाताने हलवून बघितला. जॅकवर डावं चाक उचललं होतं, रॉड घट्ट वाटला.

---

चौदाचा_पाना:

एकच चाक उचलून लिंक रॉड तपासायचा नसतो. लटकलेलं चाक बार पिळतं, रॉडवर कायम ताण राहतो आणि ढिलाई लपते. गॅरेजमध्येही हा भाग "ओके" ठरून सुटण्याचं हेच मोठं कारण आहे. दोन्ही चाकं जमिनीवर हवीत, म्हणजे पिट किंवा चढवायचा रॅम्प, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या उंचीवर घोडीवर (गाडी पेलणाऱ्या स्टँडवर). मग रॉड मुठीत धरून वर-खाली आणि आडवा झटका. नुसत्या हाताने बारीकसुद्धा "टिक" आली तर तो गेलाच समजा. रबरी बूट फाटलेला असेल तर आत माती जाऊन रॉडच्या जॉइंटची गोळी घासलेली असते.

खात्री हवी असेल तर दोन्हीकडचे लिंक रॉड काढा, बारची टोकं तारेने घट्ट बांधा म्हणजे ती कशावर आपटणार नाहीत, आणि त्याच तुकड्यावर 20 च्या वेगात एक फेरी. आवाज गेला तर रॉड किंवा बारचे बुश. गाडी वळणावर जास्त झुकेल, म्हणून ही फेरी गल्लीपुरतीच. तशा गाडीने तुळजापूरचा घाट चढायला जाऊ नका.

पण मारुती 800 सारख्या जुन्या लहान गाड्यांत बार थेट लोअर आर्ममध्ये जातो आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. तिथे हा प्रयोग अजिबात करायचा नाही. तुमच्या गाडीत वेगळा लिंक रॉड आहे, तुम्ही तो हलवलाय, म्हणून सांगतोय.

बदलताना: बऱ्याच गाड्यांत 14 किंवा 17 चा पाना लागतो आणि स्टड फिरू नये म्हणून मधोमध 5 किंवा 6 ची ॲलन की. नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, नाहीतर ॲलनचं भोक गोल होतं आणि मग ग्राइंडरशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही बाजू एकदम बदला. नट नवेच लावा, नायलॉनची रिंग असलेला नट एकदा उघडला की त्याची पकड कमी होते. साधारण 40 ते 60 न्यूटन-मीटर, नक्की आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा. शेवटची कसणी चाकं जमिनीवर असताना.

त्याच वेळी बारचे दोन बुश बघा. बारची जाडी व्हर्निअरने मोजून बुश घ्या. एक मिलिमीटर मोठा बसवला तर नवा असूनही वाजतो. त्यात साधं ग्रीस भरू नका, रबर फुगतं. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. घोडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

---

नवी_पेठ_ते_बाळे:

तो सरळ ब्रेकरवरचा "ठक" विसरू नका. लिंक रॉडने खडखड जाईल, ठक राहील असा माझा अंदाज. शॉकअप बदलल्यानंतरचा ठक बहुतेकदा बसवण्यातला असतो, शॉकअपमधला नसतो.

बॉनेट उघडा, टॉप माउंटचं टोपण काढा, माउंट आणि बॉडी दोन्हींना टेकेल असं बोट ठेवा. दुसऱ्याने मडगार्ड जोराने दाबून सोडावं. मधल्या नटात हालचाल जाणवली तर तो सैल आहे. इम्पॅक्ट गनने हा नट कसताना शॉकअपची दांडी सोबत फिरते, गन थांबते, मिस्त्रीला वाटतं घट्ट झाला. दांडी ॲलनने धरून, वाकड्या रिंग पान्याने कसायचा. कसल्यावर नटापासून दांडीपर्यंत रंगाची रेघ मारा, पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

नट घट्ट असूनही ठक राहिला तर स्ट्रट खाली उतरवून तीन गोष्टी बघायच्या: स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत बसलंय का, स्प्रिंगखालचं रबर परत घातलंय का, आणि माउंटचं बेअरिंग उलटं तर नाही. स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसर लागतो. हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

लोअर आर्मचंही विचारून घ्या. त्याचे बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना कसले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट सैल करून, चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोन-चार वेळा दाबून पुन्हा कसा.

---

जुळे_सोलापूरकर:

लिंक रॉड काढून फेरी मारली: खडखड बंद, ठक कायम. डाव्या रॉडचा खालचा बूट फाटलेला आहे. टॉप नट ॲलन धरून कसला, जवळजवळ पाऊण फेरा आत गेला. ठक गेला. नवे रॉड उद्या बसवतो. अलाइनमेंट परत करावी लागेल का?

आणि दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डमधून किरकिर येते, सकाळी येत नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

नवी_पेठ_ते_बाळे:

लिंक रॉड आणि टॉप नटासाठी अलाइनमेंट लागत नाही. स्ट्रटचे चाकाकडचे दोन बोल्ट किंवा टाय रॉड उघडला तरच करा.

किरकिर वेगळी. आपल्या 42-43 अंशांच्या उन्हात बंद गाडीतलं प्लास्टिक प्रसरण पावतं आणि जोड एकमेकांना घासतात. चालत्या गाडीत शेजारच्याला डॅशबोर्डचा एकेक भाग तळव्याने दाबायला सांगा, जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे फेल्टची टेप. फोमची दुहेरी टेप नको, मे महिन्यात तिचा गोंद वितळून खाली येतो. दाराच्या रबरांना सिलिकॉनचं ग्रीस बोटाने पातळ लावा, तेल नको. पुढच्या खांबाचं कव्हर मात्र उपटू नका, बऱ्याच गाड्यांत त्याच्या मागे पडद्याची एअरबॅग असते.

---

काळी_माती:

नवे रॉड बसवल्यावर 500 किमीला नट एकदा तपासून घ्या. आणि बदललेले जुने शॉकअप गॅरेजमध्ये पडून असतील तर मागून घ्या. तेल गळत नसेल आणि दांडी दाबताना-ओढताना सगळीकडे सारखा जोर लागत असेल, तर सुटे म्हणून ठेवायला हरकत नाही. उभेच ठेवा.