घरच्या ओनिगिरी: तुमचे अनुभव लिहा

पागोळी: माळा आवरताना लेकीचा बालवाडीतला डबा सापडला. तेव्हा आम्ही तोक्योत, निशिकासाईला. सहलीला सगळ्यांच्या डब्यात ओनिगिरी, म्हणजे आत सारण भरलेला जपानी भाताचा गोळा, म्हणून हिलाही तीच हवी. शेजारच्या आजींनी शिकवली. हात ओले करायचे, तळव्यावर चिमूटभर मीठ चोळायचं, वाफाळता भात घ्यायचा, मध्ये उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ). मग एका हाताचा कोन करून नुसतं फिरवत राहायचं. मी लाडू वळतात तशी आवळायला लागले की त्या हातावर चापटी मारायच्या! बाहेरून धरलेली, आतून मोकळी हवी. बोटं लालबुंद व्हायची. तुम्ही कशी करता?

चहाबाज: पुण्यात इंद्रायणी झिंदाबाद. तीनचारदा धुवा, अर्धा तास भिजवा, पाणी सव्वापटीच्या आत. बासमतीच्या वाटेला जाऊ नका.

मीनल_ठाणे: व्हिनेगर किती घालायचं?

चहाबाज: अजिबात नाही, ते सुशीला. इथे फक्त मीठ.

वऱ्हाडी_ठेचा: शीर्षकाखालचा फोटो बघून गोळाभात समजून आलो ना बाप्पा 😂

सदाशिव_शाकाहारी: व्हेजवाल्यांनो, ओकाका म्हणजे माशाचा कीस. विकतच्या उमेबोशी आणि कोम्बूवाल्यातही (कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ) बरेचदा कात्सुओ माशाचा अर्क असतो, पाकीट वाचा. घरी करायची तर लाल शिसोच्या सुवासिक पानांचं चूर्ण, म्हणजे युकारी, भातात कालवा, झकास लागतो. आमच्याकडे लिंबाचं गोड लोणचं भरतात, जपानी माणसाला सांगू नका.

पागोळी: @सदाशिव, आजींना दिलं होतं लिंबाचं लोणचं. बरणी परत आलीच नाही.

योकोहामाची_सून: आज घाईत आहे, पोराची शाळा. ट्युना मेयो, म्हणजे ट्युना मासा नि मेयोनेजचं सारण!! सेव्हन इलेव्हन दुकानांनी १९८३ मध्ये आणलं, आता घरोघरी. नोरी (वरून गुंडाळायचा वाळवलेल्या शेवाळाचा कागद) वेगळी द्या, खाताना गुंडाळायची, म्हणजे कुरकुरीत राहते. आणि डब्यासाठी हाताने नाही, प्लास्टिक फिल्ममध्ये वळा, उन्हाळ्यात भात लवकर खराब होतो. २०२५ मध्ये तांदूळ पाच किलोला चार हजार येनच्या वर गेला तेव्हा पोराला पोळीभाजीच दिली.

मीनल_ठाणे: चार हजार?? म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये. बाई गं.

जुनं_ते_सोनं: इशिकावा प्रांतात १९८७ मध्ये उत्खननात यायोई काळातला, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, जळून कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला. जिथे सापडला त्या गावानं पुढे १८ जून हा ओनिगिरी दिवस ठरवला.

वऱ्हाडी_ठेचा: कोणाची तरी आई गॅसवर ठेवून विसरली 😄

कुकरची_शिट्टी: फ्रिजमध्ये ठेवली तर दगड होते. उरली तर गरम असतानाच गुंडाळून फ्रीझरला टाका, मग मायक्रोवेव्ह. नाहीतर तव्यावर सोया सॉस लावून भाजा, खरपूस पापुद्रा येतो. माझ्या नवऱ्याला तीच लागते, साधी देऊ केली तर "वरण कुठाय" विचारतो.

मीनल_ठाणे: @वऱ्हाडी_ठेचा, गोळाभाताचं सांगा ना नीट. गोळे फुटतात माझे.

वऱ्हाडी_ठेचा: डाळीचं पीठ भरड घ्या, बारीक बेसन नको. मोहन घाला, घट्ट मळा, भात अर्धा शिजला की वर ठेवून मंद वाफ. वाढताना कुस्करून वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. तेलाला हात आखडायचा नाही.

पागोळी: अहो, धागा ओनिगिरीचा आहे 🙏 पण मोहन किती, तेही लिहा.