पुढे धावणाऱ्याचीच झाडाझडती का?

कडक_भाकरी: अमेरिकेतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, जो उमेदवार जनमत पाहणीत वर चढतो, त्याच्यावरच माध्यमं तुटून पडतात. हा पक्षपात समजायचा का? आणि आपल्याकडे सोलापूर शहर उत्तर किंवा मध्यच्या विधानसभा तिकिटासाठी असं का होत नाही?

नवी_पेठ: पक्षपात कमी, बातमीची गरज जास्त. आठ-दहा उमेदवारांच्या मागे सारखेच बातमीदार लावणं कुणालाच परवडत नाही. एखादा वर आला की आधी ओळखीच्या गोड बातम्या, मग जुन्या फायली, मग घसरण. २०११ बघा. टेक्ससचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी १३ ऑगस्टला अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले आणि काही दिवसांतच रिपब्लिकन पाहण्यांत पहिले. ९ नोव्हेंबरच्या वादसभेत बंद करायच्या तीन खात्यांपैकी तिसरं आठवेचना! तोवर दुसरे इच्छुक हर्मन केन वर गेले होते. लैंगिक छळाचे आरोप छापून आले, त्यांनी ते नाकारले, पण ३ डिसेंबरला प्रचार थांबवला. पहिलं मतदान, आयोवा राज्याचं, त्यानंतर ३ जानेवारीला. मिट रॉमनी टिकले, कारण ते आधीही लढले होते आणि त्यांचं बरंचसं २००८ सालीच उगाळून झालं होतं.

सात_रस्ता: आपल्याकडे तिकीट वरून येतं, झडतीला वेळच उरत नाही. २०२४ च्या विधानसभेला अर्जाची मुदत २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबर. जेमतेम तीन आठवडे, त्यातच दिवाळी. म्हणून इच्छुक आधी कधी लढला असेल तर त्याचा जुना नमुना २६, म्हणजे अर्जासोबतचं मालमत्ता आणि खटल्यांचं शपथपत्र, आत्ताच उतरवून ठेवा. नवा आला की दोन्ही शेजारी ठेवून जमिनीचे गट नंबर, कर्ज, पत्नी आणि अवलंबितांचे रकाने ताडायचे. जुना गट नव्यात नसेल तर विकला की राहिला, हे आधी त्यालाच विचारा.

कडक_भाकरी: सातबारा ऑनलाइन बघितला तर चालतो का भाऊ?

सात_रस्ता: अंदाजाला चालतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पुणे विभाग, मग सोलापूर. छापायचं असेल तर डिजिटल सहीचाच घ्या. क्षेत्र नीट वाचा, ०.४०.०० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. घाईत लोक चाळीस एकर छापून मोकळे होतात राव.

नवी_पेठ: खटल्यांचंही तेच. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नुसतं नाव टाकलं की त्याच नावाचे चार जण निघतात. गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं जुळल्याशिवाय लिहू नका. शिवाय नमुन्यात प्रलंबित खटले आणि शिक्षा विचारतात, निर्दोष सुटलेलं प्रकरण त्यात नसलं म्हणजे लपवलं असं होत नाही.