जुन्या डेस्कटॉपला एसएसडी टाकू की रॅम? बजेट ४,०००

उद्यमनगर_वर्कशॉप: प्रोसेसर आय३ चौथी पिढी, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल एकदम उघडलं की मशीन गपगार. टास्क मॅनेजरला मेमरी ९५ टक्के, डिस्क १००. काय बदलू? ४,०००च्या वर जमणार नाही.

राजारामपुरीकर: भावा, नवीनच घे. मी दिवाळीत आय५, १६ जीबी घेतला, बटण दाबलं की चालू. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि चौथ्या पिढीला ११ अधिकृतपणे चालत नाही.

शाहूपुरी_अकाउंट्स: ते ४,००० म्हणतायत. एसएसडीच टाका. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, हेड फाइल शोधत इकडून तिकडं सरकतं. एसएसडीत फिरणारं काही नाही. आमच्याकडं टॅली उघडेपर्यंत चहा व्हायचा, आता लगेच उघडतं.

गंगावेशकर: एसएसडीच. पण मी ५०० जीबीची घेतली तर ४६५च दिसते. दुकानदारानं सरळ फसवलं.

पन्हाळा_रोड: फसवलं नाही. कंपनी १,०००च्या पटीत मोजते, विंडोज १,०२४च्या.

गंगावेशकर: मग डब्यावर ४६५ छापा की! पैसे ५००चे घेतात.

फाउंड्री_स्टोअर: मूळ दुखणं मेमरी ९५ टक्के हे आहे. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं आणि लागेल तसं परत ओढतं, म्हणून डिस्क १००. लेथजवळचं टेबल भरलं की प्रत्येक टूलसाठी स्टोअरला पळावं लागतं, तसं. आधी विंडोज ३२-बिट आहे का बघा. असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वाया. आणि चौथ्या पिढीला लागते ती डीडीआर३ प्रकारचीच रॅम मागा, डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, बसत नाही. नवीनच घ्या, वापरलेली नको.

राजारामपुरीकर: एवढ्या भानगडीपेक्षा नवीन मशीन बरं.

व्हीनस_कॉर्नर: २०१९च्या पुरात आमचा सीपीयू पाण्यात गेला, टॅलीचा सगळा डेटा त्यातच. रॅम, एसएसडी राहू दे, आधी बॅकअप घ्या.

शाहूपुरी_अकाउंट्स: बॅकअप घ्याच, पण एसएसडीच टाका.

उद्यमनगर_वर्कशॉप: सगळ्यांचे आभार. विंडोज ६४-बिट आहे. कॅबिनेट उघडलं, रॅमच्या पट्टीवर पीसी३-१२८०० लिहिलंय, म्हणजे डीडीआर३च, शेजारचा स्लॉट रिकामा. लक्ष्मीपुरीत तसलीच ८ जीबीची वापरलेली पट्टी मिळाली, ती बसवली. तिन्ही उघडून मेमरी आता ५५ टक्क्यांवर. उरलेल्या पैशात बॅकअपसाठी पेनड्राइव्ह घेतला. एसएसडीचं मार्च एंडिंग झाल्यावर बघतो.

फाउंड्री_स्टोअर: पट्टीला वॉरंटी किती दिली?